पंचांगाच्या १२ आकडी हिशोबाला कात्री लावणारे भास्कराचार्य: कॉम्प्युटर नसताना 'रिफॅक्टरिंग' कसं झालं?

अजिंठ्याची लेणी कुठल्या तालुक्यात येतात, असं विचारलं तर बरेच जण अडखळतात. उत्तर आहे सोयगाव. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचा हा तालुका अजिंठा-सातमाळ्याच्या डोंगररांगेला धरून आहे. याच रांगेनं पश्चिमेकडं सरकत गेलं की कन्नड तालुक्यात पितळखोऱ्याची लेणी लागतात आणि तिथून डोंगर उतरला की चाळीसगावच्या बाजूला पाटणादेवी. पर्यटक देवीचं दर्शन घेतात, धबधबे बघतात, फोटो काढतात. पण इथल्या एका शिलालेखामुळं जगाला एका माणसाची अख्खी वंशावळ कळली.

तो माणूस म्हणजे भास्कराचार्य.

शून्य, लीलावती, गुरुत्वाकर्षण अशा गोष्टींवरून त्यांच्या नावाच्या पोस्ट सोशल मीडियावर कायम फिरत असतात. त्यातलं काही खरं असतं, काही ओढूनताणून जोडलेलं असतं. पण त्यांनी केलेलं एक काम फारसं कुणी सांगत नाही, आणि आज आयटीत काम करणाऱ्या पोरापोरींना तेच सगळ्यात जवळचं वाटेल. जुना, अवजड, चालवायला जीव खाणारा हिशोब घ्यायचा, तो नक्की किती अवजड आहे हे बघायचं आणि उत्तराला धक्का न लावता तो नव्यानं लिहायचा. सॉफ्टवेअरच्या भाषेत याला रिफॅक्टरिंग म्हणतात.

आधी हा शब्द समजून घेऊ.

एखादा प्रोग्रॅम वर्षानुवर्षं चालत असतो. त्यात एक अट वाढते, मग दुसरी, मग कुणीतरी घाईत एक ठिगळ लावतं. प्रोग्रॅम चालतो, पण त्याला हात लावायला सगळे घाबरतात. असा कोड किती किचकट झालाय हे मोजायचे मार्ग आहेत. थॉमस मॅकेब यांनी १९७६ साली एक सोपं माप दिलं. कोडमध्ये जिथं जिथं 'असं असेल तर हे कर, नाहीतर ते कर' असे फाटे फुटतात ते मोजायचे आणि त्यात १ मिळवायचा. हा आकडा १० च्या पुढं गेला की सावध व्हायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढं १९९९ मध्ये मार्टिन फाउलर यांचं रिफॅक्टरिंगवरचं पुस्तक आलं आणि हा शब्द घराघरात नाही, पण ऑफिसाऑफिसात पोचला. त्यातली मुख्य अट एकच. बाहेरून दिसणारं काम तेच राहिलं पाहिजे. आतली मांडणी बदलायची, उत्तर नाही.

आता ९०० वर्षं मागं जाऊ.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ चा. हे साल त्यांनीच आपल्या ग्रंथात सांगून ठेवलंय, त्यामुळं त्यावर वाद नाही. वाद आहे तो गावावर. सह्याद्रीच्या परिसरातलं विज्जडविड हे आपलं गाव, असं ते सांगतात. हे गाव म्हणजे पाटण, बीड की विजापूर यावर अभ्यासकांचं अजून एकमत झालेलं नाही. घराणं विद्वानांचं होतं. वडील महेश्वर स्वतः ज्योतिषी, आणि तेच त्यांचे गुरू.

त्या काळात ज्योतिषी म्हणजे निव्वळ भविष्य सांगणारा माणूस नव्हता. आज तिथी कोणती, ग्रहण कधी लागणार, संक्रांत कधी, पेरणीच्या काळात कोणतं नक्षत्र चालू आहे, हे गणित करून सांगणं हा त्याचा रोजचा धंदा होता. सण, लग्नं, दानधर्म, राजाचे कार्यक्रम, सगळं या आकडेमोडीवर चालायचं. ग्रहणाची वेळ चुकली तर ती सगळ्या गावासमोर चुकायची. आकाश काही लपवून ठेवता येत नाही.

आणि ही आकडेमोड भयंकर होती.

सिद्धांतग्रंथांची पद्धत अशी की कुठलाही ग्रह आज कुठं आहे हे काढायचं तर सुरुवात थेट कल्पाच्या आरंभापासून करायची. एक कल्प ४३२ कोटी वर्षांचा. भास्कराचार्यांनी घेतलेल्या हिशोबाप्रमाणं शक सुरू झाला तेव्हाच कल्पाची १,९७,२९,४७,१७९ वर्षं उलटून गेली होती. या वर्षांचे दिवस करायचे. त्याला अहर्गण म्हणतात. हा आकडा १२ अंकी येतो. मग एका कल्पात चंद्राच्या किती फेऱ्या होतात त्या आकड्यानं याला गुणायचं आणि कल्पातल्या एकूण दिवसांनी भागायचं. फेऱ्या ५७,७५,३३,००,०००. दिवस १५,७७,९१,६४,५०,०००. दोन्हीकडचे समान अवयव छाटून टाकले तरी १२ अंकी संख्येला ५ अंकी संख्येनं गुणावं लागतं. म्हणजे एक-एक अंकाचे ६० गुणाकार, त्यांच्या बेरजा, आणि त्यानंतर ६ अंकी संख्येनं भागाकार. हे झालं फक्त चंद्राचं, तेही मध्यम स्थान. चंद्र प्रत्यक्षात कुठं दिसेल हे काढायला पुढं आणखी संस्कार करायचे. मग सूर्य, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी रांगेत उभेच.

कागद नव्हता. पाटीवर धूळ पसरून त्यावर बोटानं किंवा काडीनं आकडे लिहायचे. जागा संपली की आधीचे पुसायचे. गणिताला धूलिकर्म म्हणायचे ते उगाच नाही. यात मेख अशी होती की पुसलेली पायरी परत तपासता येत नव्हती. उत्तर चुकलं तर पहिल्यापासून सुरू. आजच्या प्रोग्रॅमरला लॉग न ठेवणाऱ्या सिस्टीममध्ये बग शोधायला सांगितलं तर तो राजीनामा देईल. यांचा तर रोजचा उद्योग तो.

भास्कराचार्यांनी वयाच्या ३६ व्या वर्षी, म्हणजे ११५० मध्ये, सिद्धांतशिरोमणी लिहिला. त्याचे ४ भाग. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. लीलावती म्हटलं की मुलीच्या लग्नाची, घटिकापात्रात पडलेल्या मोत्याची गोष्ट लगेच आठवते. पण ती गोष्ट भास्कराचार्यांच्या ग्रंथात कुठंच नाही. अकबराच्या दरबारातल्या फैजीनं १५८७ मध्ये लीलावतीचं फारसी भाषांतर केलं, त्याच्या प्रस्तावनेतून ती पसरली. खरी असेलही, नसेलही.

बीजगणिताच्या शेवटी मात्र त्यांनी हा खटाटोप का केला ते स्पष्ट लिहून ठेवलंय. ब्रह्मगुप्त, श्रीधर आणि पद्मनाभ यांची बीजगणितं फार पसरट आहेत, म्हणून त्यांचं सार काढून विद्यार्थ्यांसाठी हे लिहिलं, असा त्याचा आशय. जुने ग्रंथ चुकीचे आहेत असं ते म्हणत नाहीत. शिकणाऱ्याला ते पेलत नाहीत, ही तक्रार आहे. कोड कधी नव्यानं लिहावा यावर आजही जे वाद होतात, त्यात हा मुद्दा सगळ्यात जास्त वेळा येतो. नवा माणूस टीममध्ये आला आणि त्याला हे समजायला किती दिवस लागले?

त्यांनी सार कसं काढलं, तर एकच काम दहा ठिकाणी वेगवेगळ्या नियमांनी होत असेल तर त्यामागचा एक नियम पकडायचा. त्रैराशिक हे त्याचं ठळक उदाहरण. व्याज, भाव, मजुरी, धान्याची अदलाबदल यासाठी सुटे नियम पाठ करायची गरज नाही, बहुतेक हिशोब त्रैराशिकाचीच रूपं आहेत, हे त्यांनी ठासून मांडलं. जसा विष्णू सगळ्या जगाला व्यापून आहे तसं त्रैराशिक गणिताला, अशी उपमाही दिली. एक फंक्शन लिहा आणि सगळीकडं तेच बोलवा, हे सांगायची ही त्या काळातली रीत.

पण खरी मजा बीजगणितातल्या एका कोड्यात आहे. गणिताची भीती वाटत असेल तरी इथं थांबू नका, फक्त पायऱ्या मोजायच्यात.

कोडं असं. एका संख्येचा वर्ग करा, त्याला ६१ नं गुणा, १ मिळवा. उत्तर पुन्हा कुठल्यातरी पूर्ण संख्येचा वर्ग आलं पाहिजे. तर ती संख्या कोणती? १ घ्या, ६२ येतात. नाही. २ घ्या, २४५. नाही. असं करत गेलात तर आयुष्य संपेल, कारण सगळ्यात लहान उत्तर आहे २२,६१,५३,९८०. आणि ज्याचा वर्ग येतो ती संख्या १,७६,६३,१९,०४९. हेच ६१ चं कोडं १६५७ मध्ये फ्रान्सच्या फर्मानं युरोपातल्या गणितज्ञांना घातलं होतं. भास्कराचार्यांनी ते तब्बल ५०० वर्षं आधी सोडवून पुस्तकात उदाहरण म्हणून टाकलेलं होतं.

त्यांच्या पद्धतीचं नाव चक्रवाल. ती त्यांनी शून्यातून काढली नव्हती. जयदेव नावाच्या गणितज्ञाची अशी पद्धत १०७३ मधल्या एका टीकेत उद्धृत झालेली सापडते. भास्कराचार्यांनी ती घासूनपुसून नेमकी केली. उत्तराच्या जवळची एक संख्या घ्यायची, किती फरक पडतोय ते बघायचं, आणि पुढचं पाऊल असं टाकायचं की फरक शक्य तितका आटोक्यात राहील.

आता माप लावू. युरोपात पुढं १८ व्या शतकात जी वितत अपूर्णांकांची पद्धत रूढ झाली, तिनं ६१ चं उत्तर यायला २२ पायऱ्या लागतात. चक्रवाल सरळ शेवटपर्यंत चालवलं तर १४. पण भास्कराचार्य शेवटपर्यंत चालवतच नाहीत. ८ चा वर्ग ६४, तो ६१ पेक्षा ३ नं जास्त, इथून ते निघतात. चक्रवालाच्या एकाच फेरीत ३९ आणि ५ ही जोडी मिळते. ३९ चा वर्ग १५२१, आणि ५ च्या वर्गाची ६१ पट १५२५. फरक उणे ४. हा आकडा दिसताच ते चक्र थांबवतात. कारण फरक ४ आला की पुढं काय करायचं हे ब्रह्मगुप्तांनी ६२८ मध्येच सांगून ठेवलं होतं. मिळालेली जोडी अर्धी करून स्वतःशीच ३ वेळा विशिष्ट रीतीनं गुणली की काम फत्ते. एकूण ४ पायऱ्या.

२२, १४, ४. उत्तर तिन्हीकडं तेच.

यात शिकण्यासारखं काय आहे ते बघा. भास्कराचार्यांनी सगळं नवं लिहिण्याचा हट्ट धरला नाही. सव्वापाचशे वर्षं जुनी लायब्ररी होती, ती बरोबर चालत होती, तर तिला हात न लावता नेमक्या जागी जोडून टाकली. आजकाल नवा मॅनेजर आला की पहिल्या आठवड्यात सगळं पाडून नवं बांधायची भाषा करतो, त्याला हे ६१ चं उदाहरण दाखवायला हरकत नाही.

याचा अर्थ ते जुन्यांसमोर मान तुकवायचे असंही नाही. जिथं उत्तरच चुकीचं होतं तिथं त्यांनी कुणाची गय केली नाही. लल्ल हे आठव्या शतकातले मोठे ज्योतिषी. गोलाचं पृष्ठफळ काढायला त्यांनी वर्तुळाचं क्षेत्रफळ गुणिले परीघ असा नियम दिला होता. ७ त्रिज्येचा गोल घेऊन बघा. लल्लांच्या नियमानं १५४ गुणिले ४४, म्हणजे ६,७७६. खरं उत्तर परीघ गुणिले व्यास, म्हणजे ४४ गुणिले १४, ६१६. तब्बल ११ पट फरक. गोलाध्यायात भास्कराचार्यांनी ही चूक नाव घेऊन दाखवली, आणि गोलाचे काप करून खरा नियम कसा येतो तेही समजावलं. हे रिफॅक्टरिंग नव्हे, ही सरळ सरळ बगची दुरुस्ती. दोन्ही कामं वेगळी आहेत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता मुख्य गोष्ट.

सिद्धांतशिरोमणी गाजला. पण रोज पंचांग करणाऱ्याची १२ अंकी डोकेदुखी तशीच राहिली, कारण सिद्धांतग्रंथाची रीतच तशी. ११८३ मध्ये, वयाच्या ६९ व्या वर्षी, भास्कराचार्यांनी करणकुतूहल लिहिला. पहिल्या ग्रंथानंतर ३३ वर्षांनी. या वयात माणूस जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढून सत्कार घेत फिरला असता. हे पुन्हा आकडेमोडीला बसले.

करणग्रंथ हा प्रकार आधीपासून होता. ब्रह्मगुप्तांचा खंडखाद्यक ६६५ चा. कल्पाच्या आरंभापासून मोजायचं सोडून जवळचा एक दिवस ठरवायचा आणि त्या दिवशी सगळे ग्रह कुठं होते ते आधीच काढून पुस्तकात देऊन टाकायचं. या आकड्यांना क्षेपक म्हणतात. पंचांगकर्त्यानं फक्त त्या दिवसापासून आजपर्यंत किती दिवस झाले ते मोजायचं. करणकुतूहलाचा प्रारंभ शके ११०५ चा. १० वर्षांनी हिशोब करायचा तर दिवस सुमारे ३,६५०. १२ अंकी संख्या ४ अंकांवर आली. मघाचे ६० गुणाकार २० वर आले. अवघड काम एकदाच करून ठेवायचं आणि पुन्हा पुन्हा वापरायचं, याला आज कॅशिंग म्हणतात.

दुसरी कात्री ज्यांच्या तक्त्यावर चालवली. ज्या म्हणजे आजच्या भाषेत साइन. ग्रहांचे संस्कार काढायला त्याची गरज पडते. मोठ्या तक्त्यात ३,४३८ त्रिज्येवर २४ ज्या असायच्या. पाठ करायच्या तर २४ तीन-चार अंकी आकडे. भास्कराचार्यांनी १२० त्रिज्या घेऊन दर १० अंशाला एक, अशा ९ च ज्या वापरल्या. त्यांच्यातले फरक २१, २०, १९, १७, १५, १२, ९, ५, २. बेरीज करून बघा, बरोबर १२० येते. शाळेतलं पोरगं एका दुपारात पाठ करेल.

आता तुम्ही म्हणाल, १०-१० अंशांच्या उड्या मारल्या तर मधल्या कोनांचं काय? सरळ प्रमाणानं काढलं तर १२० मध्ये जास्तीत जास्त अर्ध्याच्या आसपास चूक पडते. तीही कमी करायला त्यांनी एक छोटा संस्कार दिला. लागोपाठच्या दोन फरकांमधला फरक घेऊन मधला आकडा सुधारायचा. एक पायरी वाढली, पण १५ आकडे पाठ करायचे वाचले. हा सौदा आहे, आणि रोज काम करणाऱ्याच्या बाजूनं केलेला सौदा आहे.

या ग्रंथाचं दुसरं नाव बघण्यासारखं आहे. ब्रह्मतुल्य. म्हणजे ब्रह्मसिद्धांताशी तुल्य, त्याच्या बरोबरीची उत्तरं देणारा. पुस्तकाच्या नावातच हमी दिली की आतली मांडणी बदलली आहे, उत्तर नाही. फाउलरची अट ८०० वर्षं आधी मुखपृष्ठावर छापल्यासारखी.

अर्थात सगळं गोड गोड नाही.

लहान म्हणजे सोपं असं होत नाही, हा भास्कराचार्यांच्या लिखाणाचाच अनुभव आहे. श्लोकात नियम बसवायचा म्हणजे एकेका शब्दात आकडे कोंबायचे. वाचणाऱ्याला काही कळेना व्हायचं. ग्रहगणित आणि गोलाध्यायावर त्यांनी स्वतःच वासनाभाष्य लिहिलं ते यासाठीच. इथं वासना म्हणजे उपपत्ती, नियम का खरा आहे त्याचं कारण. कोड आखूड करायचा असेल तर कमेंट लिहायची जबाबदारी लिहिणाऱ्याची, हे त्यांनी स्वतःपुरतं तरी पाळलं. शिवाय करणकुतूहलात सिद्धता नाहीत. ज्याला कारण हवं त्यानं मोठ्या ग्रंथाकडं जावं. म्हणून मोठा ग्रंथ टिकणं भाग होतं.

आणि जुनं सगळं टिकत नाही. ज्या तिघांचं सार काढलं त्यातल्या पद्मनाभांचं बीजगणित आज उपलब्ध नाही. श्रीधरांचंही नाही. वर्गसमीकरण सोडवायचा श्रीधरांचा प्रसिद्ध नियम आपल्याला माहीत आहे तो भास्कराचार्यांनी नाव घेऊन दिला म्हणून. सुटसुटीत आवृत्ती आली की मूळ पोथीची नक्कल करायचे कष्ट कोण घेणार? नवं व्हर्जन चांगलं असण्याची ही किंमत कुणी धरतच नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात अडचणीची. उत्तर तेच ठेवायचं म्हटलं की मुळातली चूकही तशीच राहते. ब्रह्मपक्षाच्या मूळ आकड्यांत अगदी बारीक तफावत होती. एका वर्षात ती दिसत नाही. शे-दोनशे वर्षांत ग्रह गणितात एका जागी आणि आकाशात दुसऱ्या जागी दिसायला लागतो. त्यावर बीजसंस्कार नावाचे पॅच लावायची पद्धत होती. पॅचवर पॅच चढत गेले. शिवाय ११८३ पासूनचे दिवसही वाढत गेले. १०० वर्षांनी ते ३६,५०० च्या पुढं, पुन्हा ५ अंकी. रिफॅक्टर केलेला कोडही म्हातारा होतो.

मग नव्यानं लिहायची वेळ कधी आली? कोकणातल्या नांदगावचे केशव दैवज्ञ स्वतः आकाश बघून गणिताशी ताडत बसायचे. कुठला ग्रह किती चुकतोय याच्या नोंदी त्यांच्याकडं होत्या. त्यांचे चिरंजीव गणेश दैवज्ञ यांनी १५२० चा प्रारंभ धरून ग्रहलाघव लिहिला. ज्या ग्रहासाठी ज्या परंपरेचा आकडा आकाशाशी जुळतो तो घेतला, म्हणजे उत्तर बदललं. ११ वर्षांचं एक चक्र केलं, त्यात ४,०१६ दिवस, त्यामुळं दिवसांचा आकडा कधीच ४ अंकांच्या पुढं जात नाही. आणि भास्कराचार्यांनी २४ वरून ९ वर आणलेला ज्यांचा तक्ता त्यांनी काढूनच टाकला. ज्या न वापरता सगळं गणित करून दाखवलं. याच गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली. ज्यांचा कोड बदलला त्यांचाच ग्रंथ उपपत्ती देऊन समजावून सांगितला. महाराष्ट्रात पुढं शेकडो वर्षं पंचांगं ग्रहलाघवावरच निघत राहिली.

जाता जाता एक गोष्ट. भास्कराचार्यांचं बीजगणित १६३४ च्या सुमारास अताउल्ला रशीदी यांनी फारसीत नेलं. हे ताजमहालाशी नाव जोडलेल्या उस्ताद अहमद लाहोरींचे चिरंजीव. संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्याचे वास्तुरचनाकार अताउल्ला ते हेच, असं मानलं जातं.

ग्रहलाघवही शेवटी मागं पडत गेलं. केरो लक्ष्मण छत्र्यांनी इंग्रजी नाविक पंचांगाच्या आधारानं नवं पंचांग छापायला सुरुवात केली ते साल १८६५. योगायोग असा की पाटणच्या शिलालेखाची माहिती डॉ. भाऊ दाजी लाड यांनी विद्वानांच्या जगापुढं मांडली तीही १८६५ मध्येच.

त्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या आधीच्या ६ पिढ्या आणि नंतरच्या २ पिढ्या आहेत. मुलगा लक्ष्मीधर, ज्याला यादव राजा जैत्रपालानं आपल्या दरबारात नेलं. नातू चांगदेव, जो सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी होता. या चांगदेवानं पाटणला एक मठ काढला. तिथं शिकवायचे ते आजोबांचे सिद्धांतशिरोमणीसारखे ग्रंथ आणि घराण्यातल्या इतरांचे ग्रंथ. म्हणजे ग्रंथ लिहिणाऱ्याच्या मागं तो समजावून सांगणारी, नक्कल करणारी, नव्या पोरांना तयार करणारी माणसं राहावीत म्हणून केलेली सोय. स्थानिक निकुंभ घराण्यातल्या सोईदेवानं मठाला दान दिलं. १२०७ च्या श्रावण पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या वेळी. ग्रहण कधी लागणार हे काढायची रीत त्याच ग्रंथांत होती.

लेख संस्कृतात आहे. पण शेवटचा भाग, जिथं मठाला कुणी काय द्यायचं हे ठरलंय, तो त्या काळच्या मराठीत कोरलाय, कारण तो गावातल्या लोकांना कळायला हवा होता. बाजारात माल आला की त्यावरचा हिस्सा. गिऱ्हाइकाकडून थोडासा दाम. आणि तेलाच्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल.